एरंगेलमार्गे धुळे

आमच्या घरातलं मराठी 2018 च्या उन्हाळ्यात बंद पडलं. त्या साली मार्चमध्ये पब्जी नावाचा खेळ मोबाइलवर आला, परीक्षा संपल्यासंपल्या चिरंजीवांनी तो माझ्याच फोनमध्ये घेतला, आणि धुळ्याहून मोठ्या आत्याचा नातू सुटीला आमच्याकडे जळगावला आला. दोघांनी गाद्या उचलून गच्ची गाठली. मे महिन्यात जळगावात गच्चीवर झोपण्याला कोणी चैन म्हणत नाही. दिवसभर प्यालेलं ऊन भिंती रात्री 2 वाजेपर्यंत परत करत असतात, त्यामुळे सगळी कॉलनीच वर असते. म्हणून आम्हाला संशय आला नाही.

संशय आला शेजारच्या जिभाऊंना. मध्यरात्री आमच्या गच्चीवरून आरोळ्या उठल्या, "मागून आला, मागून आला! झाडामागं लपलाय! मला लागली रे! पडलोय मी, उचल ना मला!" जिभाऊ बनियनवर, हातात काठी घेऊन जिना चढले. पाठोपाठ त्यांचे जावई, आणि जावयांच्या पाठोपाठ गल्लीतलं एक कुत्रं. वर दोन पोरं एकाच चादरीखाली उजेड करून पालथी पडलेली.

"कुठंय चोर?" जिभाऊ गरजले.

"कंपाउंडच्या मागं," आत्याचा नातू फोनवरची नजर न काढता म्हणाला.

जिभाऊ खाली उतरून कंपाउंडच्या मागं गेले. तिथं चोर नव्हता, बाभूळ होती. सकाळी पायातला काटा काढता काढता त्यांनी मला विचारलं, "पोरं झोपेत बरळतात का हो?" मी हो म्हणालो. पोरं झोपेत असं बरळतात हे सांगणं, ती जागेपणी असं बोलतात हे सांगण्यापेक्षा सोयीचं होतं.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चौकशी बसवली. आप्पा बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले आहेत आणि समोरच्या माणसाचं बोलणं दोनदा मोजून घेतात.

"विमानातून शंभर जण एका बेटावर उड्या मारतात," चिरंजीवांनी सुरुवात केली.

"तिकीट कोणाचं?"

"फुकट असतं आप्पा. खाली घरं असतात. त्यात शिरायचं आणि सापडेल ते उचलायचं. बंदूक, हेल्मेट, औषधं."

"लोकांच्या घरात? आणि घरची माणसं?"

"घरात कोणीच नसतं."

"म्हणजे सगळं गाव लग्नाला गेलंय आणि एकाही घराला कुलूप नाही. बरं, पुढं?"

"पुढं झोन येतो. तो लहान लहान होत जातो. बाहेर राहिला तो मेला. शेवटी जो एकटा उरतो तो जिंकला. त्याला चिकन डिनर."

आप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पंगत शंभराची बसवली आणि पान एकच वाढलं?" ज्या मुलखात हजाराच्या खाली जेवणावळ झाली तर लग्न लपूनछपून उरकलं की काय अशी कुजबुज होते, तिथल्या माणसाला हे झेपणं शक्यच नव्हतं.

आईची हरकत वेगळी. आई माळकरी. तिच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि घरात तिन्हीसांजेला दोन पोरं "विनर विनर चिकन डिनर" म्हणून नाचतात! तिने फोन उचलून तुळशीवृंदावनाबाहेर नेऊन ठेवला. तडजोड अशी निघाली की आमच्या हद्दीत "विनर विनर भरीत-भाकर" असं म्हणायचं. पोरांनी ते इतक्या मनावर घेतलं की हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्टीला, जळगावची ती हिरवी, भरताची वांगी काड्यांवर भाजली जात असताना, पाहुण्यांनी हा मंत्र दोनदा ऐकला. आमच्याकडचे एक शिक्षक पाहुणे तर म्हणाले की ही म्हण त्यांनी लहानपणी आजीकडून ऐकलेली आहे.

मूळ वाक्य अमेरिकेतल्या जुगाराच्या अड्ड्यांवरचं, ही माहिती चिरंजीवांनी आप्पांना मोठ्या अभिमानाने दिली. जुगार म्हटल्यावर आप्पांनी चष्मा काढला. पण तेवढ्यात आखाजी आली. इतरांची अक्षय्य तृतीया ती आमची आखाजी. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. आणि पुरुषमंडळी? ती दिसेल त्या सावलीत सतरंजी टाकून पत्ते कुटतात. बँकेत असताना दहाच्या नोटेवरही संशय घेणारे आप्पा त्या दिवशी लिंबाखाली मांडी घालून बसले ते दिवे लागले तरी उठले नाहीत. पान हातात धरून ठेवायचं, हूं की चूं करायचं नाही, समोरचे एकेक करून संपू द्यायचे, ही त्यांची पद्धत.

"आप्पा कॅम्पर आहेत," आत्याचा नातू म्हणाला. झुडपात दबा धरून बसणाऱ्या आणि बाकीचे मरेपर्यंत न हलणाऱ्या खेळाडूला कॅम्पर म्हणतात आणि खेळात ती शिवी समजली जाते. आप्पांनी ती पदवी समजून स्वीकारली. "चाळीस वर्षं कॅम्पर आहे मी," असं ते मेहरूण तलावावर सकाळच्या फिरण्यात चारचौघांना सांगू लागले. तेव्हापासून पोरांनी तो शब्द टाकून दिला. ही गोष्ट मी त्या वेळी नीट लक्षात घेतली नाही. पुढे उपयोगी पडली.

आत्याचं मन मात्र तव्याने जिंकलं. या खेळात तवा हे शस्त्र आहे. नुसतं शस्त्र नव्हे, तो पाठीला अडकवला तर मागून आलेली गोळी त्याच्यावर आदळून जाते. धुळ्याला हे ऐकल्यावर उलट्या खापरावर मांडे टाकत असलेल्या आत्याने हात थांबवला. "खरं सांगस?" तिने नातवाला विचारलं. मग सुनेकडे बघून म्हणाली, "ऐकं का? आनि तू म्हनस, तवा घासाले जड शे."

2019 च्या जानेवारीत दिल्लीत परीक्षा पे चर्चा झाली. तिथं एका आईने मुलाच्या ऑनलाइन खेळाचं गाऱ्हाणं मांडलं, तर पंतप्रधानांनी लगेच विचारलं, हा पब्जीवाला आहे का, आणि सभागृहात हशा पिकला. पोरांना वाटलं, खेळाला राजमान्यता मिळाली. आप्पांना वाटलं, प्रकरण वरपर्यंत गेलंय. त्यातच मार्चमध्ये राजकोटला पोलिसांनी बंदी मोडून हा खेळ खेळणाऱ्या पोरांना पकडलं. ते कात्रण आप्पांनी फ्रिजवर चिकटवलं, दुधाच्या हिशोबाशेजारी.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. पब्जीतल्या सगळ्यात जुन्या बेटाचं नाव आहे एरंगेल. आठ किलोमीटर लांब, आठ रुंद. त्यात पोचिंकी नावाचं गाव आहे. आणि जळगावहून धुळ्याला जाताना लागतं ते एरंडोल; पाचोराही आमचाच. ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश गृहस्थाने हा खेळ रचला. त्याने आमच्या रस्त्याने कधी एसटीचा प्रवास केला नसावा, नाहीतर बारशाच्या वेळी एवढा तरी विचार केला असता.

रोज संध्याकाळी घरात ऐकू यायचं, "एरंगेलला उतरू, पोचिंकीत." आप्पा वर्तमानपत्राआडून दुरुस्ती करायचे, "एरंडोलला उतरून पाचोऱ्यात कसं जाशील? रस्ता वेगळा आहे." तिथवर ठीक होतं. पण त्या दिवाळीत आत्याचा नातू पहिल्यांदाच एकटा एसटीने जळगावला निघाला. त्या वेळी फागणे ते तरसोद चौपदरीकरणाचं काम चालू होतं, म्हणजे गाडी रस्त्यावरून कमी आणि रस्त्याच्या शेजारून जास्त जायची. वेळ जाता जाईना म्हणून पोराने फोन काढला. मित्रांच्या गटावर टाकायचे निरोप तो घाईत आमच्या कुटुंबाच्या गटावर टाकत होता.

पहिला निरोप आला, "एरंगेलला उतरलो."

"मध्येच का उतरलास? स्टँडवर थांब," आप्पांनी लिहिलं.

"शाळेत उतरलोय."

"दिवाळीच्या सुटीत शाळा उघडी कशी?"

"खूप लोक आहेत इथं. हाणामारी चाललीये."

आत्याचा आवाज आला, "रे पोऱ्या, तू कोठे शे? कोन्हासंगे शे?"

"एकाला संपवला," असं उत्तर आलं. गटावर शांतता पसरली. एरवी सकाळी सूर्योदयाचं चित्र टाकल्याशिवाय चहा न घेणारे काकासुद्धा गप्प झाले. पाच मिनिटांनी शेवटचा निरोप, "मी पण मेलो." आणि फोनची बॅटरी संपली.

आप्पांनी एरंडोलच्या चुलतभावाला उठवलं. तो मोटारसायकलवर एकामागून एक शाळा पालथ्या घालत सुटला. एका शाळेच्या शिपायाला त्याने विचारलं, "इथं आज कोणी मेलं का?" शिपाई म्हणाला, "साहेब सुटीवर आहेत, सोमवारी या." इकडे आम्ही सगळे, आई देवाला साखर ठेवून, मी चपला दोन्ही डाव्या घालून, जिभाऊंच्या जावयाच्या जीपमध्ये बसून एरंडोलकडे निघालो.

पाळधीच्या आसपास समोरून एक एसटी आमच्या अंगावरून धूळ उडवत गेली. त्यात तो होता. जळगाव स्टँडवर उतरून, वडापाव खाऊन, रिक्षाने घरी आला, तर दाराला कुलूप. ओट्यावर जिभाऊ बसलेले. त्यांनी पोराला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे सांगितलं, "बस. सगळे तुझ्याच मयताला गेलेत."

दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी एसटीच्या फोटोतली पाटी बदलून "जळगाव – एरंगेल – धुळे, मार्गे पोचिंकी" असं केलं आणि फोटो सोडून दिला. चार दिवसांत तो खान्देशातले तालुके फिरून निवृत्त कर्मचाऱ्यांच्या गटामार्फत आप्पांकडे परत आला. आप्पांनी भिंग लावून तो पाहिला, अपमान त्यांना सहन झाला नाही. "तालुक्याच्या गावाचं नाव तरी शुद्ध लिहावं" अशा मजकुराचं पत्र त्यांनी आगाराला टपालाने पाठवलं. वर टीप: पोचिंकी हे गाव या मार्गावर नाही, तरी प्रवाशांची दिशाभूल थांबवावी.

आप्पांच्या हाताला लागलेलं हे एकच चित्र नव्हे. आप्पा बाजेवर आडवे झालेत, डोक्याला ओला पंचा, शेजारी माठ, असा एक फोटो पोरांनी कधीतरी काढला होता. त्यावर घमेल्याचं हेल्मेट चिकटवून खाली ओळ लिहिली, "झोन आला तरी उठणार नाही." पारा 45 वर गेला त्या आठवड्यात हे चित्र इतकं फिरलं की भुसावळच्या कोणीतरी ते आप्पांना "उन्हाळ्यात काळजी घ्या" असं लिहून पाठवलं. आप्पांनी ते आम्हा सर्वांना पुढे पाठवलं. वर हात जोडलेले, आणि खाली विचारणा: "हे गृहस्थ कोण? चेहरा पाहिल्यासारखा वाटतो. आपल्या ब्रँचला होते का?"

तसं पाहिलं तर मोठ्यांच्या मालाची घरगुती प्रत काढणं हे आमच्याकडचं जुनं कसब. मालेगाव जिल्ह्याच्या हिशोबात नाशिकमध्ये मोडतं, पण बोलीने अर्धं आमचंच. तिथं शेख नासिर यांनी 2000 साली मालेगाव के शोले काढला आणि पुढे यंत्रमागावर काम करणाऱ्या एका काटकुळ्या तरुणाला सुपरमॅन करून आकाशात उडवलं. आता त्याच गावच्या छोटू दादाच्या फिती सगळा देश यूट्यूबवर बघतो. तेव्हा कोरियातल्या कंपनीचं बेट आम्ही एरंडोलला आणून टेकवलं, यात नवल नाही. नवल एवढंच की आप्पांनी त्याला टपालखर्च केला.

एफ या अक्षराने मात्र भाऊबंदकीपर्यंत गोष्ट नेली. काकांच्या सासऱ्यांचे वडील 96 व्या वर्षी वारले. भरल्या घरातून गेले, कोणाची तक्रार नव्हती. गटावर "भावपूर्ण श्रद्धांजली" सुरू झालं आणि मध्येच चिरंजीवांनी लिहिलं, "एफ".

"नापास कोण झालं?" काकांनी विचारलं.

खुलासा असा होता की 2014 साली आलेल्या कॉल ऑफ ड्यूटीच्या एका भागात सैनिकाच्या अंत्यविधीचा प्रसंग आहे. तिथं आदरांजली वाहायला एफचं बटण दाबायचं असतं. जगाने त्याची टर उडवली आणि तेव्हापासून कोणाचंही काहीही बुडालं की पोरं एफ लिहितात. काका भडकले. "आमचे 96 वर्षं जगले आणि तुला एकच अक्षर सुचलं?" बोलणं वाढलं, गट सोडण्याच्या धमक्या झाल्या, दोघांनी सोडला, एकाला परत घेतलं.

पण नंतर गंमत झाली. पुढच्या मयताला, मला वाटतं चोपड्याच्या कोणीतरी, हळूच एफ लिहिलं. "भावपूर्ण" लिहिताना दर वेळी "भाव" वर फोन भलताच शब्द सुचवायचा. त्यापेक्षा हे बरं. महिन्याभरात सगळे ज्येष्ठ एफवर आले. तेराव्याची वेळ कळवली, एफ. अस्थी रामकुंडावर नेल्या, एफ. एका काकूंनी सवयीने नातवाच्या पहिल्या वाढदिवसालाही एफ टाकलं आणि त्यावर आठ जणांनी हात जोडले. चिरंजीवांनी तो शब्द सोडल्याची तारीख मला सांगता येईल, तीच ती.

2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारने 118 ॲपवर बंदी घातली. त्यात पब्जी होतं. आप्पांनी जिलेबी आणली. जिलेबी संपली तरी गच्चीवरचा गोळीबार चालूच, कारण खेळाचे सर्व्हर 30 ऑक्टोबरपर्यंत सुरू होते. त्यानंतर पोरांनी कोरियन आवृत्ती मिळवली. घरात खेळाच्या सूचना कोरियन भाषेत ऐकू येऊ लागल्या. आई म्हणाली, "निदान इंग्रजी तरी शिकत होती आधी."

पुढच्या वर्षी जुलैमध्ये तोच खेळ बीजीएमआय हे भारतीय नाव लावून आला. संस्कारही झाले होते. रक्त हिरवं केलेलं, आणि "मारला" ऐवजी "फिनिश केला". "केळीच्या खोडातून निघतं तसलं काहीतरी दिसतंय," आप्पांनी शेरा दिला. 18 च्या आतल्यांना दिवसाला तीनच तास, आणि पालकांचा फोन नंबर द्यायचा. चिरंजीवांनी माझा नंबर कशात तरी आधीच अडकवलेला होता, म्हणून त्यांनी आप्पांचा दिला.

"आप्पा, तुमच्या फोनवर एक ओटीपी आला असेल. सांगा ना."

"बँक कधीही ओटीपी विचारत नाही."

"मी बँक नाहीये आप्पा. मी तुमचा नातू आहे."

"फसवणारे हेच म्हणतात."

"अहो, मी समोर उभा आहे!"

"नाव सांग. जन्मतारीख सांग. आईचं माहेरचं आडनाव?"

पोराने सगळं बरोबर सांगितलं. तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, तेव्हा आप्पांनी तो वाचला, कागदावर लिहिला, कागदाची घडी केली, तिजोरीत ठेवली आणि म्हणाले, "सुरक्षित आहे." त्या संध्याकाळी जे काम एका मंत्रालयाला जमलं नव्हतं ते एका निवृत्त कॅशियरने केलं.

2022 च्या जुलैमध्ये बीजीएमआयही दुकानातून उतरलं, 2023 च्या मेमध्ये पुन्हा आलं. त्याआधी 2022 च्याच 14 फेब्रुवारीला, नेमक्या प्रेमदिनी, फ्री फायर या दुसऱ्या खेळावर बंदी आली आणि गल्लीतल्या काही पोरांनी आयुष्यातला पहिला विरह अनुभवला. सरकार काढतं, कंपनी घालते. आमच्या सोसायटीतल्या पाण्याच्या मोटारीचंही हेच चालतं, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटेनासं झालं.

या सगळ्यात "सस" राहून गेला. पब्जीवर पहिली बंदी आली त्याच सुमाराला अमंग अस जगभर गाजत होतं. खेळ 2018 चाच, पण 2020 च्या टाळेबंदीत त्याचं नशीब उघडलं. एका यानात दहा जण, त्यात एखाददुसरा तोतया. प्रेत सापडलं की तातडीची बैठक बोलवायची, एकमेकांवर आळ घ्यायचा, मतदान करून कोणाला तरी बाहेर अवकाशात ढकलून द्यायचं. संशय आला की म्हणायचं, सस. धुळ्याला नातवाने हे आत्याला समजावून सांगितलं. आत्याने लसूण सोलता सोलता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाई तं मी पन्नास वरीस पासून खेळी राहिनू."

त्यानंतर धुळ्यात सुरक्षित असं कोणी राहिलं नाही. दूधवाला सस. उडदाचे पापड लाटायच्या दिवशीच सुनेचं डोकं दुखतं, सस. भजनी मंडळात प्रसादाच्या पातेल्याजवळ बसणारी बाई तर महासस. घरात शेवेचा डबा रिकामा सापडला की आत्या टाळी वाजवायची, "मीटिंग लावा!" सगळ्यांनी हातातलं काम टाकून ओसरीवर जमायचं. मतदान व्हायचं. बहुतेक वेळा माझा आतेभाऊ बाहेर फेकला जायचा, कारण त्याच्या मिशीला शेव असायची.

आत्याच्या नातीच्या स्थळासाठी अमळनेरचे पाहुणे आले तेव्हा मीही बैठकीला होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलगा पुण्याला, पगार चांगला, घरची शेती, विहिरीला पाणी. मुलाच्या काकांनी मग आवाज खाली आणून सांगितलं, "आणि आजोबांनी विप्रोचे शेअर घेतलेले." मोहम्मद हाशम प्रेमजींनी 1945 साली अमळनेरात वनस्पती तेलाचा कारखाना काढला, तीच पुढची विप्रो, आणि ज्यांनी शेअर जपले ती तिथली साधी माणसं कोट्यधीश झाली हे खरंच आहे. त्यामुळे अमळनेरच्या स्थळात हे वाक्य पोह्यांवरच्या खोबऱ्याइतकं ठरलेलं असतं. बैठक सावरून बसली. आतेभावाने काकांना आणखी पोहे वाढले.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती स्वच्छ म्हणाली, "सस शे."

"सासू?" मुलाचे काका म्हणाले. "सासू स्वभावाने गरीब आहे हो."

मुलाचा धाकटा भाऊ मात्र चहात ठसकला. त्याने आत्याकडे पाहिलं, आत्याने त्याच्याकडे. एका क्षणात दोघांची ओळख पटली. "सांग रे पोऱ्या," आत्या म्हणाली, "शेअर आते कोठे शेतस?" पोराला हसू आवरेना. "आजोबांनी विकले, आजी," तो म्हणाला. "त्यातून बैलजोडी आणली."

"आणि बैल?"

"बैल मीही नाही पाहिले."

काकांचा चेहरा पडला. पण आत्या खूष झाली. घरात एक तरी खरं बोलणारा आहे म्हणाली आणि तिथल्या तिथं होकार दिला. सुपारी फुटली. लग्नात त्या धाकट्या भावाने आत्याला "लेजंड" म्हणून हाक मारली, आणि तिने तो शब्द लीजबाबतचा काही असावा असं समजून शेताची चौकशी केली.

त्या बैठकीनंतर तिच्या नातवाच्या तोंडून सस गेला तो गेलाच. मी मुद्दाम विचारलं. "आजी भजनात वापरते तो शब्द आता," तो खिन्नपणे म्हणाला.

या धामधुमीत माझंही बारसं होऊन गेलं. चिरंजीव मला एनपीसी म्हणतात. खेळात काही पात्रं कोणी चालवत नसतं. ती एका जागी उभी असतात आणि जवळ गेलं की ठरलेली वाक्यं बोलतात. "पप्पा, तुम्ही घरी आल्यावर दोनच वाक्यं बोलता," त्याने पुरावा दिला. "'पंखा कोणी चालू ठेवला?' आणि 'माझा चार्जर कुठंय?'" मी न्यायासाठी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "तिसरंही आहे. 'आज भाजी काय आहे?'" दुसऱ्या दिवशी ठरवून मी दारातून आत येताना म्हणालो, "आज हवा किती छान सुटली आहे!" एप्रिलचा महिना होता. आईने कपाळाला हात लावून पाहिला आणि कांदा फोडून आणायला सांगितलं.

सध्या घरात स्किबिडी चालू आहे. एका जुन्या खेळातल्या बाहुल्या वापरून कोणीतरी 2023 पासून कमोडमधून डोकी बाहेर काढणारी चित्रफीत मालिका बनवली, तिथला हा शब्द. अर्थ नाही, ही त्याची थोरवी. जेवण कसं झालं, स्किबिडी. पेपर कसा गेला, स्किबिडी. आप्पांनी शब्दकोश उघडून बंद केला. पण मी आता घाबरत नाही. परवाच आत्याला फोन लावून शब्द दिला, दोनदा म्हणवून घेतला. तिने विचारलं, "कोठे वापरानं?" म्हटलं, कुठंही. तिने कानबाईच्या सणाला, रोटांच्या वेळी वापरून पाहते म्हणून सांगितलं.

तेव्हा सरकारला आणि तमाम पालकांना विनंती आहे. बंदी घालू नका, 118 ची यादी करू नका, पोरांचे फोन माळ्यावर टाकू नका. घरातलं जे वयाने मोठं आणि आवाजाने खणखणीत माणूस असेल त्याला तो शब्द शिकवा, आणि पोराचे मित्र आलेले असताना वापरायला सांगा. ज्यांच्या घरी असं कोणी नसेल त्यांच्यासाठी आमची आत्या धुळ्याला आहे. मानधन नाही, जाण्यायेण्याचं एसटी भाडं तेवढं द्यावं. उन्हाळ्यात दुपारी 12 ते 4 सोडून केव्हाही फोन करा.